पिशवीतले जनुक, शिवारातली अळी

जून उजाडला की दोंडाईच्याच्या कृषी सेवा केंद्रांत एक प्रश्न हमखास कानावर पडतो: यंदा अळी न येणारे वाण कोणते? दुकानदार एका पिशवीकडे बोट दाखवतो आणि व्यवहार उरकतो. प्रश्न रास्त आहे. पण कीड रोखण्याची ताकद बियाण्यात असते, ती पैसे मोजून घरी आणता येते आणि पेरली की आपोआप शेतात उतरते, हे त्यात आधीच धरून चाललेले असते. शेतकरी असे मानतो, कंपनी तसेच विकते, कृषी विभागाच्या शिफारशी याच भाषेत लिहिल्या जातात. ‘देशी वाण लावा, मिश्र पीक घ्या, सगळे ठीक होईल’ असे सांगणारेही फार वेगळे काही बोलत नाहीत. त्यांच्या मते ताकद जुन्या बियाण्यात असते, एवढाच फरक.

हे गृहीत उथळ आहे, असे माझे म्हणणे आहे. किडीविरुद्धची प्रतिकारक्षमता हा एकट्या झाडाचा गुण नाही. झाडाची जनुके, किडीची जनुके आणि शेजारी उभे असलेले पीक यांच्या व्यवहारातून ती घडते, आणि त्याच व्यवहारातून संपतेही. म्हणून कपाशीत तूर घ्यायची की नाही, केळीत काकडी लावायची की नाही, हे प्रश्न आपण मशागतीचे समजतो. प्रत्यक्षात ते आनुवंशिकीचे आहेत. थंडी सोसण्याचे गणित मात्र वेगळे आहे. कीड आणि थंडी या दोन्हींना ‘प्रतिकारक वाण’ या एकाच नावाखाली ढकलल्याने दोन्हीकडे गल्लत होते. ही मांडणी खानदेशातल्या पिकांवरच टप्प्याटप्प्याने तपासू.

१. झाडाकडे नेमके काय असते?

प्रतिकारक्षमता म्हणजे अमुक एक जनुक, अशी समजूत बीटी कपाशीने घट्ट केली. निसर्गात चित्र इतके सुटसुटीत नसते. कपाशीच्या पानांवरची लव हे त्याचे जुने उदाहरण. दक्षिण आफ्रिकेतील बार्बर्टन येथे एफ. आर. पार्नेल यांनी १९२० च्या दशकात लवदार कपाशीतून ‘यू-४’ हे वाण निवडले आणि तुडतुड्यांमुळे जवळपास सोडून द्यावी लागलेली कपाशी तिथे पुन्हा उभी राहिली. लव किती दाट असावी, किती लांब असावी, हे ठरवणारी जनुके आज ओळखता येतात. दाट आणि लांब लवीतून तुडतुड्याला पानाच्या शिरेत अंडी घालणे जड जाते.

पण तीच लव पांढऱ्या माशीला मानवते. लवदार पानांवर पांढरी माशी जास्त टिकते, गुळगुळीत पानांवर तुडतुडे वाढतात. ट्रायकोग्रामासारख्या मित्रकीटकांनाही दाट लवीतून अंडी शोधताना अडथळा होतो. एका शत्रूसाठी दार लावताना दुसऱ्यासाठी ते उघडते, आणि आपला राखणदार बाहेरच राहतो.

कपाशीच्या अंगावर दिसणारे काळे ठिपके म्हणजे गॉसिपॉल या विषारी द्रव्याच्या ग्रंथी. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत मॅकमायकेल यांनी दाखवले की दोन जनुकांच्या बदलाने या ग्रंथी पूर्ण नाहीशा होतात. सरकीची पेंड आणि तेल सुधारेल म्हणून अशी बिनग्रंथींची वाणे तयार झाली. पण एरवी कपाशीला तोंड न लावणारे किडे आणि उंदीरही त्यांच्यावर तुटून पडले. आपण ज्याला दोष समजून काढून टाकतो, ते झाडाचे हत्यार असू शकते.

रब्बीत हेच हरभऱ्याचे. पहाटे हरभऱ्यातून चालले की पायांना लागणारी आंब म्हणजे पानांवरच्या ग्रंथींतून स्रवणारी मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ले. ऑक्झॅलिक आम्लामुळे घाटेअळीची वाढ खुंटते. मात्र याच आंबेमुळे घाटेअळीच्या अंड्यांवर जगणारा ट्रायकोग्रामा हरभऱ्यावर फारसा टिकत नाही. त्यामुळे ‘प्रतिकारक’ हे विशेषण एकटे वापरण्यात अर्थ नाही. कोणत्या किडीला, कोणत्या अवस्थेत, आणि कोणत्या मित्रकीटकाचे नुकसान करून, हे सांगितल्याशिवाय ते अपुरे राहते.

२. किडीलाही जनुके असतात

आपल्या चर्चेत झाड हे चल आणि कीड हे अचल मानलेले असते. खरी चूक इथे आहे. एच. एच. फ्लॉर यांनी १९४० च्या दशकात जवस आणि त्यावरचा तांबेरा यांच्या अभ्यासातून दाखवले की झाडातल्या प्रतिकाराच्या प्रत्येक जनुकासमोर रोगजंतूतही एक जोडीचे जनुक असते. ते बदलले की झाडाचे जनुक निष्प्रभ होते. वनस्पतींचे रोगशास्त्र हे तेव्हापासून जाणते. बियाण्याच्या बाजारपेठेला मात्र अजून ते पटलेले नाही.

भारतात बीटी कपाशीला मार्च २००२ मध्ये मान्यता मिळाली. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचे ‘क्राय-१-एसी’ हे जनुक तिच्यात होते. २००६ मध्ये ‘क्राय-२-एबी’ हे दुसरे जनुक जोडलेले बोलगार्ड-२ आले. २०१० मध्ये मोन्सॅन्टोनेच जाहीर केले की गुजरातेतील अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट या चार जिल्ह्यांत शेंदरी बोंडअळी पहिल्या जनुकाला दाद देत नाही. त्यानंतर काही वर्षांतच दुसरेही जनुक तिच्यापुढे निष्प्रभ ठरले आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातल्या कपाशीची बोंडे आतून पोखरलेली निघाली.

यामागची यंत्रणा आता ठाऊक आहे. क्राय-१-एसी हे प्रथिन अळीच्या आतड्यातील कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटते, तेव्हाच ते मारक ठरते. भारतातल्या शेतांतून गोळा केलेल्या प्रतिकारक अळ्यांत या कॅडहेरिनची अनेक बिघडलेली रूपे सापडली. क्राय-२-एबीच्या बाबतीत ‘एबीसीए-२’ या वाहक प्रथिनातील बिघाड कारणीभूत ठरला. म्हणजे कुलपाचे भोकच बदलले, आणि आपण मात्र किल्ली अधिक मजबूत करत राहिलो.

हा बदल टाळता येण्याजोगा होता का? बऱ्याच अंशी होता, आणि त्याचे गणित साधे आहे. अळीतले हे बिघाड बहुतांशी अप्रभावी असतात. आई आणि बाप दोघांकडून बिघडलेले रूप आले, तरच अळी बीटीवर जगते. समजा, असे रूप हजारात एक आहे. मग दोन्हीकडून ते मिळालेली अळी दहा लाखांत एक निघेल. अशा एका पतंगाला जोडीदार म्हणून नॉन-बीटी झाडांवर वाढलेले साधे पतंग भरपूर मिळाले, तर पुढची पिढी मिश्र रूपाची होते आणि बीटीवर मरते. साधे पतंग उरलेच नाहीत, तर प्रतिकारक पतंगाची गाठ प्रतिकारक पतंगाशीच पडते आणि पुढची अख्खी पिढी बीटीवर पोसली जाते.

बियाण्याच्या पिशवीसोबत मिळणारे १२० ग्रॅमचे नॉन-बीटी पाकीट याचसाठी, म्हणजे साधे पतंग राखणाऱ्या ‘रेफ्युज’साठी होते. ते बांधावर पडून राहिले. दोष एकट्या शेतकऱ्याचा नाही. त्या पाकिटाचा उपयोग पुढच्या दहा वर्षांत दिसणार होता, नुकसान त्याच हंगामात होणार होते, आणि हे त्याला कोणी नीट समजावून सांगितले नाही.

३. घाटेअळी अडकली, शेंदरी सुटली

बीटी आली ती मुख्यतः हिरव्या, म्हणजे अमेरिकन बोंडअळीसाठी. हरभऱ्यात तिलाच आपण घाटेअळी म्हणतो. १९९० च्या दशकात हीच अळी कृत्रिम पायरेथ्रॉइड औषधांना पचवून कपाशी फस्त करत होती. औषधांना इतकी सराईत झालेली ही कीड बीटीला आधी पचवेल, असे वाटणे स्वाभाविक होते. घडले उलट. बीटी आल्यानंतर या अळीने कपाशीवर पूर्वीसारखा कहर केलेला नाही. हरली ती शेंदरी बोंडअळीपुढची लढाई.

असे का, याचे उत्तर शेजारच्या पिकांत आहे. हिरवी अळी तूर, हरभरा, टोमॅटो, ज्वारीचे कणीस, झेंडू असे बरेच काही खाते. खानदेशात कपाशीच्या ओळींत तूर असते, बांधापलीकडे मका-ज्वारी असते आणि रब्बीत मैलोगणती हरभरा असतो. या सगळ्या पिकांवर बीटीचा स्पर्श न झालेले लाखो पतंग दरवर्षी तयार होतात आणि कपाशीवरून निघालेल्या एखाद्या प्रतिकारक पतंगाचे गणित विस्कटून टाकतात. कोणी न सांगता, न ठरवता आपल्या आंतरपिकांनी रेफ्युजचे काम केले. ऑस्ट्रेलियात कापूस उत्पादकांना नॉन-बीटी कपाशीचे किंवा तुरीचे पट्टे नियमाने लावावे लागतात. आपल्याकडे तूर सवयीने उभी होती.

शेंदरी बोंडअळीचे अन्न म्हणजे कपाशी. भेंडी, अंबाडी अशी त्याच कुळातली काही झाडे तिला चालतात, पण तिचा संसार कपाशीवरच. कपाशीचे नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्र बीटी झाले, तेव्हा तिच्यासाठी अख्खे शिवार एकाच विषाचे झाले. तूर, मूग, उडीद कितीही पेरा. या अळीच्या जनुकांवर त्यांचा काडीचा परिणाम होत नाही.

एकच जनुक, एकच शिवार, एकच काळ. तरी एका किडीपुढे ते टिकले आणि दुसरीपुढे कोसळले. फरक बियाण्यात नव्हता. भोवतालच्या पिकांत होता.

४. संकराची आणि फरदडीची भर

आपण संकरित बियाणे वापरले, ही या कथेतली आणखी एक गाठ. बहुतेक भारतीय बीटी संकरांत बीटी जनुक एका पालकाकडून येते. त्यामुळे संकराचे प्रत्येक झाड बीटी असले, तरी त्याच्या बोंडातली सरकी ही पुढची पिढी असते, आणि तिथे मेंडेलचा नियम लागू होतो. एक जनुक असेल तर सरासरी चौथा हिस्सा दाणे विषाविना राहतात. दोन असतील तर काही दाण्यांत दोन्ही, काहींत एकच आणि थोड्यांत एकही नाही, अशी वाटणी होते. शेंदरी अळी बोंडात शिरून नेमकी सरकी खाते. तिला एका बोंडात कमी विषाचे, जास्त विषाचे आणि बिनविषाचे दाणे शेजारी शेजारी मिळतात. किडीला हळूहळू सराईत करायचे असते, तर याहून चांगली सोय सापडली नसती.

चीनमधल्या यांगत्से खोऱ्यात शेतकऱ्यांनी संकराची दुसरी पिढी पेरली. तिथे झाडाझाडांत भेद पडला आणि सुमारे चौथा हिस्सा झाडे नॉन-बीटी निघाली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, त्यामुळे तिथल्या शेंदरी बोंडअळीतील प्रतिकार वाढण्याऐवजी मागे सरला. मिसळ बोंडात पडली की घात होतो, झाडाझाडांत पडली की फायदा होतो. जनुक तेच असते; त्याची मांडणी निर्णायक ठरते.

यात फरदडीची भर पडते. डिसेंबरनंतर पाणी देऊन कपाशी उभी ठेवली की आणखी दोन वेचण्या मिळतात, हा तापीकाठच्या बागायती पट्ट्यातला जुना मोह. त्या काळात झाडातले बीटीचे प्रमाण घसरलेले असते, तर अळीची संख्या शिखरावर असते. उलट टोकाला मान्सूनपूर्व लागवड. सुप्तावस्थेतल्या कोषांतून पतंग पहिल्या पावसांनंतर बाहेर पडतात. त्या वेळी शेतात पात्या-फुले नसतील, तर त्यांची अंडी वाया जातात. मे महिन्यात लावलेली कपाशी त्यांना ती जागा वेळेवर पुरवते. मग जुलैमध्ये डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे न उमललेली फुले, दिसू लागतात आणि दोष बियाण्याला दिला जातो.

५. थंडीचा हिशेब वेगळा का?

थंडी जिवंत नाही. तिला पिढ्या नाहीत, जनुके नाहीत, ती शिकत नाही. म्हणून थंडी सोसण्याचे जनुक शिळे होत नाही. किडीविरुद्धच्या जनुकाला मुदत असते, थंडीविरुद्धच्या जनुकाला नसते. या एका फरकावरून संशोधनाचा पैसा कुठे आणि कसा घालायचा हे ठरायला हवे.

मात्र थंडी सोसणे हाही एका जनुकाचा खेळ नाही. थंडीत पेशीच्या पटलातले स्निग्ध पदार्थ गोठू लागतात. असंपृक्त स्निग्धाम्ले जास्त असलेली पटले प्रवाही राहतात. जपानच्या मुराता यांच्या गटाने १९९२ मध्ये तंबाखूवर दाखवले की मोहरीच्या कुळातल्या अॅराबिडॉप्सिसचे एक जनुक घातल्यास झाड थंडी अधिक सोसते, आणि त्याच कामाचे भोपळ्याचे जनुक घातल्यास ते अधिक हळवे होते. दुसरी यंत्रणा ‘सीबीएफ’ या नियंत्रक जनुकांची. थंडीची चाहूल लागताच ती डझनावारी इतर जनुके चालू करतात. टोमॅटोसारख्या उष्ण प्रदेशातल्या पिकातही ही नियंत्रक जनुके असतात, पण त्यांच्या हाताखालची फौज तोकडी असते. नुसता सेनापती आणून भागत नाही.

जळगावच्या केळीत हे रोजच्या भाषेत उतरते. ग्रँड नैन हे कॅव्हेंडिश गटातले वाण. त्याचे तिन्ही गुणसूत्रसंच मुसा अॅक्युमिनाटा या उष्ण, दमट प्रदेशातल्या पूर्वजाचे आहेत. मुसा बाल्बिसियाना या दुसऱ्या पूर्वजाचा वाटा असलेल्या केळी थंडी आणि पाण्याचा ताण तुलनेने जास्त सोसतात. पण कॅव्हेंडिशला बी धरत नाही, त्यामुळे संकराने तो गुण तिच्यात आणणे फार अवघड. ऊतिसंवर्धित रोपांच्या बागेत सगळी झाडे एकाच झाडाच्या प्रती असतात. तापमान १६ अंशांखाली गेले की वाढ मंदावते, निसवणारा घड पोंग्यात अडकतो, आणि हे सगळ्या बागेत एकाच वेळी घडते. इथे शेतकऱ्याच्या हातात जनुक नाही, शेजार आहे. बागेभोवती शेवरी किंवा गजराज गवताचे दाट कुंपण, रात्रीचे पाणी आणि निसवण कडाक्याच्या थंडीत येणार नाही अशी लागवडीची वेळ हेच उपाय उरतात. रावेर-यावलचा शेतकरी शेवरीला वारा अडवणारी म्हणून ओळखतो. केळीत नसलेल्या जनुकाची उणीव ती भरून काढते, असे मी म्हणेन.

हरभऱ्याला तीच थंडी हवी असते. त्यालाही मर्यादा आहे: दिवसाचे सरासरी तापमान १५ अंशांखाली राहिले की फुले गळतात आणि घाटे धरत नाहीत. ऑस्ट्रेलियात परागकणांच्या पातळीवर निवड करून थंडीतही घाटे धरणारी ‘सोनाली’ आणि ‘रूपाली’ ही वाणे तयार झाली. धुळ्यात पहाटेचा पारा दहाखाली उतरला, तरी दुपारी ऊन चढते आणि सरासरी सहसा इतकी घसरत नाही. इथल्या हरभऱ्याला थंडीच्या जनुकापेक्षा घाटेअळी आणि मर रोगाविरुद्धची ताकद अधिक मोलाची. दुसऱ्या प्रदेशाचे ‘प्रतिकारक वाण’ आणले, म्हणजे आपला प्रश्न सुटतो असे नाही.

६. शेजार कधी तारतो, कधी मारतो?

आता आंतरपिकाच्या भाबड्या समर्थकांकडे वळू. शेतात दोन पिके असली की कीड कमी होते, हे सरसकट खरे नाही. जळगावात केळीवर येणारा हरण्या म्हणजे काकडी मोझॅक विषाणूचा रोग. हा विषाणू काकडीवर्गीय वेल, मिरची, टोमॅटो यांवर राहतो आणि मावा तो केळीवर आणतो. केळीच्या कोवळ्या बागेत काकडी, भोपळा किंवा मिरचीचे आंतरपीक घेणे म्हणजे रोगाला आमंत्रण. दोंडाईचा ही मिरचीची नावाजलेली बाजारपेठ असल्याने या पट्ट्यात ही सूचना अधिकच लागू होते. कपाशीशेजारी भेंडी आणि अंबाडीही तशीच. ती सापळा म्हणून लावून वेळेवर काढली, तर उपयोगी. विसरली, तर किडीचे कोठार.

तारणारा शेजार कसा असतो? चीनच्या युनानमध्ये करप्याला बळी पडणारा चिकट भात आणि प्रतिकारक भात यांच्या ओळी मिसळून लावल्या. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, चिकट भातावरचा करपा ९४ टक्क्यांनी कमी झाला. झाडांची जनुके बदलली नव्हती. बीजाणूला पुढचे बळी पडणारे झाड सापडण्याआधी न जुमानणारे झाड लागत होते, एवढेच. केनियात मक्याच्या ओळींत डेस्मोडियम लावतात. त्याच्या वासाने खोडकिडीचे पतंग दूर पळतात आणि कडेच्या गवताकडे ओढले जातात. इथे एका झाडाच्या जनुकांनी तयार केलेला वास दुसऱ्या झाडाचे रक्षण करतो. मग ही प्रतिकारक्षमता कोणत्या झाडाची म्हणायची? मक्याची नक्कीच नाही.

आपल्याकडचे तारणारे शेजारही ओळखीचे आहेत. हरभऱ्यात शिंपडलेले ज्वारीचे दाणे उंच वाढून पक्ष्यांना बसायला जागा देतात आणि पक्षी अळ्या टिपतात. कोथिंबिरीची फुले घाटेअळीवर जगणाऱ्या कॅम्पोलेटिस गांधीलमाशीला मध पुरवतात. कपाशीच्या ओळींतली चवळी मावा पोसते, त्यावर ढालकिडे वाढतात आणि मग ते कपाशीवर उतरतात. हरभऱ्याची आंब जो मित्रकीटक हाकलून देते, त्याची भरपाई कोथिंबीर वेगळ्या मित्रकीटकाने करते. जोडी जुळवायची ती अशी, एकाच्या उणिवेला दुसऱ्याचे बळ देणारी. त्यासाठी कोणती कीड कशावर जगते, कोणता विषाणू कशात लपतो, याची यादी हाती हवी. ‘विविधता चांगली’ एवढ्या घोषणेवर हे काम होत नाही.

७. चार आक्षेप

पहिला आक्षेप: नवे जनुक येईल, मग हा खटाटोप कशाला? येईल, यावेही. जनुक संपादनाचे तंत्र आता भारतातही शेतापर्यंत पोहोचते आहे आणि त्याला विरोध करण्याचे कारण मला दिसत नाही. पण दोन जनुके एकत्र देण्याचा डाव भारतात कशाने फसला, हे आठवावे. एका जनुकाची आणि दोन जनुकांची कपाशी वर्षानुवर्षे एकाच शिवारात उभी राहिली. किडीला दोन पायऱ्या एकदम चढायच्या होत्या. आपण तिला एक एक करून चढू दिल्या. तिसरे जनुक याच शिवारात सोडले, तर ती तिसरीही चढेल. शिवाय विनापरवाना विकले जाणारे तणनाशक-सहनशील बियाणे या वाटेवरचा नवा अडसर आहे. त्यावर फवारणी करणाऱ्याच्या शेतात मूग, उडीद, चवळी, तूर यांपैकी काहीच उरू शकत नाही.

दुसरा आक्षेप: आंतरपिकाने कपाशीचे उत्पन्न घटते, मजुरी वाढते, कोळपणी अडते. यात तथ्य आहे. ज्या वाणांची निवडच एकट्या पिकाच्या चाचणीत झाली, ती वाणे सोबतीत मागे पडणारच. आडवे पसरणारे, सहा-सात महिने उभे राहणारे संकर शेजाऱ्याला जागा देत नाहीत. आटोपशीर, लवकर येणारी झाडे देतात. मूग-उडीद पोळ्याच्या मागेपुढे घरात येतो आणि कपाशीची पहिली वेचणी होण्याआधी हाती पैसा येतो. हिशेब एका पिकाच्या क्विंटलवर नको, त्या एकरातल्या एकूण कमाईवर आणि वाचलेल्या फवारण्यांवर हवा.

तिसरा आक्षेप: देशी वाण लावले असते, तर हे घडलेच नसते. देशी कपाशी रसशोषक किडी आणि पाण्याचा ताण चांगला सोसते, हे खरे. खानदेशात एके काळी गाजलेले ‘जरिला’ मर रोगाला तोंड देणारे होते, हेही खरे. पण शेंदरी बोंडअळीचे शास्त्रीय वर्णन डब्ल्यू. डब्ल्यू. सॉण्डर्स यांनी १८४३ मध्ये केले, ते भडोचच्या कपाशीवरून आलेल्या नमुन्यांवरून. संकर आणि बीटी तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हते. देशी वाणांचे खरे मोल त्यांच्या जनुकांच्या साठ्यात आहे, त्यांच्या अजिंक्यपणाच्या कथेत नाही.

चौथा आक्षेप सर्वांत वजनदार: मी एकट्याने नियम पाळून काय होणार, शेजाऱ्याचे पतंग माझ्या शेतात येणारच. हे अगदी बरोबर आहे, आणि माझ्या मांडणीला पुष्टी देणारे आहे. अळीचे बीटीला बळी पडणे हे भूजलासारखे सामाईक धन आहे. ज्याच्या-त्याच्या बोअरवेलवर सोडले तर ते संपते. अमेरिकेने २०१८ मध्ये आपल्या कापूसपट्ट्यातून शेंदरी बोंडअळीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. त्यांनी वापरलेले बीटी जनुक आपल्यापेक्षा निराळे नव्हते. सुरुवातीची दहा वर्षे त्यांनी रेफ्युज काटेकोर पाळला आणि नंतर वंध्य पतंग सोडणे, कामगंध, पीक वेळेवर नांगरून टाकणे हे सारे अख्ख्या प्रदेशात एकाच वेळी केले.

८. मग कोणी काय करायचे?

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने आणि बियाणे कंपन्यांनी कपाशी, तूर, हरभरा यांच्या वाणांच्या चाचण्या एकट्या पिकासोबत आंतरपिकातही घ्याव्यात आणि दोन्हींचे आकडे शिफारशीत छापावेत. सोबतीत कोणते वाण कसे वागते, हे कळल्याशिवाय आंतरपिकाचा सल्ला अंदाजपंचे राहतो.

बियाण्याच्या पिशवीवर वाण किती दिवसांत संपते आणि त्यातले जनुक कोणत्या अळीवर आता चालत नाही, हे ठळक लिहिणे सक्तीचे व्हावे. कीटकनाशकाच्या डब्यावर मुदत छापली जाते; जनुकालाही मुदत असते, हे विकत घेणाऱ्याला कळले पाहिजे.

जूनपूर्वी कपाशी लावायची नाही आणि डिसेंबरनंतर ठेवायची नाही, हा निर्णय ग्रामसभेने घ्यावा. एका शेतात फरदड उभी राहिली, तर साऱ्या गावाची अळी तिथे मुक्काम करते. जिनिंग मालकांनीही सरकीच्या ढिगांजवळ कामगंध सापळे लावणे हे आपल्या धंद्याचेच काम समजावे.

आणि शेतकऱ्याने जूनमध्ये दुकानात एकच प्रश्न विचारून थांबू नये. ‘अळी न येणारे वाण कोणते?’ यानंतर त्याने आणखी तीन विचारावेत: हे किती दिवसांत निघते, याच्या ओळींत काय घेऊ, आणि याच्या शेजारी काय घेऊ नये? ज्या दुकानदाराला, ज्या कंपनीला आणि ज्या कृषी सहायकाला या तिन्हींची उत्तरे देता येत नाहीत, त्याने ‘प्रतिकारक’ हा शब्द वापरणे थांबवावे.